नाना, पाणी गोड लागतंय

आज सकाळी तुमच्या नळाला आलेल्या पाण्याला औषधाचा वास येत होता का? आणि येत नसेल, तर तुम्हाला बरं वाटलं का?

उत्तर मनात ठेवा. शेवटी मी तुमच्याकडे काहीतरी मागणार आहे, तेव्हा ते लागेल. तोवर मला माझ्या काकांशी बोलायचं आहे. ते ऐकणार नाहीत, हे मला माहीत आहे. जिवंत असतानाही ते माझं अर्धंच ऐकायचे.

नाना, तुम्हाला मातीत ठेवून अकरा दिवस झाले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मंडळीनं गाणी म्हटली. काकूनं तुमच्या चपला धुऊन उन्हात ठेवल्या, त्या अजून तिथेच आहेत. मी शिरवळहून चार दिवसांची रजा टाकून आले होते. ती कधीच संपली. रोज सकाळी बॅग भरते आणि दुपारी पुन्हा रिकामी करते, कारण नळाला पाणी आलं की आपल्या गल्लीत एक वाक्य ऐकू येतं आणि माझे पाय जागच्या जागी थांबतात.

“पाणी आता लय ग्वाड लागतंय बघा.”

पहिल्यांदा हे हमीदाचाची म्हणाल्या, घागर उचलता उचलता, सहज. पुढच्या पाण्याला आणखी दोघी म्हणाल्या. त्याच्या पुढच्या पाण्याला त्या वाक्याला एक तुकडा जोडला गेला. “शामू गेला आणि पाणी ग्वाड झालं.” बोलणारी बाई वाईट नाही. तुमच्या मातीला आली होती, काकूच्या गळ्यात पडून रडली होती. ती फक्त दोन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवत होती. पण दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवून केवढं मोठं खोटं उभं करता येतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी पत्रकांच्या घरात वाढले आहे.

तुमचं काम काय होतं हे तुम्ही कुणाला धड सांगितलं नाहीत, म्हणून मी सांगते. गाव तुम्हाला ‘पाणीवाला शामू’ म्हणायचं. शमुवेल हे नाव फक्त चर्चच्या वहीत आणि काकूच्या रागात उरलं होतं. आपल्या कवठे महांकाळच्या बाजूला पाणी दिवसाआड येतं. ज्या दिवशी यायचं, त्या पहाटे तुम्ही टाकीखालच्या खोलीचं कुलूप काढायचात. नाकातोंडाला टॉवेल बांधून टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर, बादलीत कालवायचात आणि अर्धा तास थांबायचात. चुना तळाला बसला की वरची निवळ दुसऱ्या बादलीत घ्यायची, बादलीला दोर, दोराचं टोक कमरेला, आणि मग शिडी. वर पोचल्यावर बादली ओढून घेऊन ती निवळ टाकीत ओतायची, झाकण लावायचं. खाली उतरून पुन्हा अर्धा तास थांबायचं आणि मगच व्हॉल्व्ह सोडायचा.

लोक ओरडायचे, “आवं शामूनाना, सोडा की लवकर. पोरांच्या शाळा हायत!”

तुम्ही म्हणायचात, “औषधाला अर्धा तास लागतोय. तुला च्या पाच मिनिटात लागतोय, ती गोष्ट येगळी.”

एवढ्यावर तुमचं काम संपत नसे. सायकल काढून तुम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचात, पाइपलाइनवरच्या अगदी शेवटच्या घरी. त्यांच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं, तर पावडरीचा गुण तिथपर्यंत पोचला. पांढरंच राहिलं, तर नाही. पिवळं दिसलं की तुम्ही डोळे मिटून ओठ हलवायचात, आणि मग घरी येऊन भाकरी खायचात. “पयल्या घरी कुणीबी पोचतंय,” हे तुमचं ठरलेलं वाक्य.

तुमचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे पप्पा, यांचं काम मात्र साऱ्या जगाला माहीत होतं. सांगलीत छापलेल्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या कॉटखाली असायचे, निळे, पिवळे, गुलाबी. मी बाराखडी त्यांवरच शिकले. ‘जागे व्हा!’ ‘उद्या नव्हे, आज!’ पहिली काही वर्षं मला वाटायचं की मराठीत वाक्य संपलं की उद्गारचिन्हच येतं. शाळेत मी गाईवर निबंध लिहिला, तेव्हा गुरुजींनी विचारलं, “गाय ओरडतीय का तू?” आणि आमच्या घरचा एक नियम होता. वरती बायबलमधलं वचन लिहिल्याशिवाय कागद घराबाहेर जायचा नाही. पप्पा दूधवाल्याला ‘उद्या दूध नको’ अशी चिठ्ठी लिहायचे, तरी डोक्यावर एक वचन असायचं. तुम्ही चिडवायचात, “आरं, त्या म्हशीचं तारण करतोयस व्हय?”

तुम्ही कधी एक पत्रक वाटलं नाहीत. लहानपणी मला याचा राग यायचा. मला वाटायचं, पप्पा देवाचे शिपाई आणि तुम्ही ग्रामपंचायतीचे.

मग एका रविवारी उपासनेनंतर आपण अंगणात शेंगा फोडत बसलो होतो आणि तुम्ही मला बायबलमधल्या काना गावच्या लग्नाची, पाण्याचा द्राक्षारस झाल्याची गोष्ट विचारलीत. परीक्षा घेतल्यासारखी.

“त्या लग्नात द्राक्षारस कुणी केला?”

“प्रभूनं.”

“आन पाणी कुणी भरलं?”

“चाकरांनी.”

“त्यांस्नी काय सांगितलं हुतं? रांजण भरा. काठापतूर भरा, असं कुणी म्हणलं न्हवतं. पर त्यांनी काठापतूर भरलं. का गं?”

“माहीत नाही.”

“मलाबी म्हाईत न्हाई. त्या चाकरांची नावंसुदिक कुणाला म्हाईत न्हाईत.” तुम्ही एक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवलेत. “हुकूम भरायचा हुता. काठ त्यांचा.”

मी हे कुठल्याही पत्रकात वाचलं नव्हतं, आणि आजवर वाचलेलं नाही.

तीन पावसाळ्यांपूर्वी गावाच्या त्या टोकाला, गटाराजवळ, पाइपलाइन फुटली. ग्रामपंचायतीनं तिथे रबराची पट्टी गुंडाळली आणि विषय संपवला. गटाराचं पाणी आत शिरत होतं, म्हणून शेवटच्या घरी नळी पिवळी होईना. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना विचारून तुम्ही पावडरीचं माप वाढवलंत. शेवटचं घर पिवळं झालं, पण पहिल्या घरांना वास यायला लागला.

त्या शेवटच्या घरात दिलीप राहतो. त्यानंच तो व्हिडिओ काढला. खालून घेतलेला, हलणारा. टॉवेलनं तोंड बांधलेला माणूस टाकीवर, दोरानं बादली वर जातेय, आणि मागून दिलीपचा आवाज: “बघा गड्यांनो, आपल्या पाण्यात ह्यो काय टाकतोय. काय लपवायचं न्हाई, तर तोंड कशाला झाकलंय?” सकाळी तो गावाच्या ग्रुपवर होता. संध्याकाळपर्यंत कुणीतरी खाली लिहिलं होतं, ‘पाण्यातनं बाटवायला लागलेत.’ दोन दिवसांनी तो साताऱ्याच्या माझ्या मैत्रिणीनं मला पाठवला. “अगं, हे तुमचंच गाव ना?”

त्याच आठवड्यात प्रार्थनेच्या खोलीच्या पत्र्यावर तीन दगड पडले. कुणी टाकले ते कळलं नाही. तुम्ही ते उचललेत, टाकीजवळ नेलेत आणि शिडीच्या पायाला टेकू म्हणून लावलेत. टाकीच्या पक्क्या शिडीचा खालचा भाग गंजून पडला होता, म्हणून तिथे एक सुटी लोखंडी शिडी टेकवलेली असायची. “हालत हुती,” तुम्ही म्हणालात. “चांगलं जड दगड हायत.”

मला मात्र दगडांचा उपयोग करता येत नाही. मला कागदाचा येतो. मी शिरवळहून आले, दोन दिवसांत पत्रक लिहिलं, सांगलीत छापलं. टीसीएल म्हणजे काय, वास का येतो, वास येणं चांगलं का, तोंडाला टॉवेल का बांधायचा. एक अक्षर खोटं नव्हतं. गुरुवारच्या बाजारात मी आणि पप्पांनी ते वाटलं. एस. टी. स्टँडवर एका म्हाताऱ्यानं ते हातात घेतलं, पहिली ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “म्हंजे खरंच हाय की.”

तेव्हा मी स्वतःच लिहिलेला कागद पहिल्यांदा नीट पाहिला. सगळ्यात वर, जाड अक्षरात, जिवंत पाण्याविषयीचं वचन होतं.

नाना, मी ते विचार करून लिहिलं नव्हतं. हातानं लिहिलं होतं. आमच्या घरात कागद तसाच सुरू होतो. गाव विचारत होतं, ‘पाण्यात धर्म आहे का?’ आणि मी गुलाबी कागदावर छापून उत्तर दिलं होतं. दुपारपर्यंत माझ्या पत्रकाचा फोटो त्या व्हिडिओच्या खाली आला. तोवर गावाला संशय होता. पुरावा मी दिला.

ग्रामपंचायतीनं ठरवलं की शामूनं यापुढे एकट्यानं टाकीवर जायचं नाही. साक्षीदार पाहिजे. साक्षीदार म्हणून नेमला दिलीप. मी संतापले होते आणि तुम्ही चक्क हसलात. “बरं झालं. शिडीला माणूस पायजेच हुता.”

पहिल्या दिवशी तो मोबाईल रोखून उभा होता. तुम्ही तिसऱ्या पायरीवरून खाली बघून म्हणालात, “दिलप्या, मोबाईल खिशात ठिव आन शिडी धर. मी पडलो तर तुझा व्हिडिओ झकास ईल, पर पाणी कोण सोडंल रं?”

त्यानं शिडी धरली. वर गेल्यावर तुम्ही त्याला हाक मारून पावडरीच्या पोत्यावरचे शब्द मोठ्यानं वाचायला लावलेत. आठ वेळा तो आला. नवव्या वेळेला आला नाही, त्याला कंटाळा आला होता. साक्षीदाराला कंटाळा आला म्हणून ठराव कुणी मागे घेतला नाही, आणि शिडी धरायला दुसरं कुणी आलंही नाही.

आता ते भांडण. तुम्हाला आठवत असेल की नाही, माहीत नाही. मला शब्दन्‌शब्द आठवतं.

मी म्हणाले होते, “ज्या गावानं आपल्या पणजोबांना आडावर चढू दिलं नाही, त्याच गावाच्या टाकीची किल्ली आज तुमच्या खिशात आहे. आणि तुम्ही त्यांच्यापुढे मान खाली घालून साक्षीदार मागून घेताय?”

“किल्ली राखायला दिलेली असती,” तुम्ही म्हणालात. “मालकी दाखवायला न्हवं.”

“मग एक महिना चढूच नका. पावडर टाकू नका. वास गेला की कळेल त्यांना.”

तुम्ही ताटावरून उठलात. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात. “तान्ह्या लेकराला तहान काय धर्म इचारून लागती व्हय गं?”

आणि मी म्हणाले, “तुम्ही आज्ञाधारक नाही, नाना. भित्रे आहात.”

काकूच्या हातातली पळी तशीच राहिली. मी न जेवता शिरवळची गाडी पकडली. पंधरा दिवसांनी तुम्ही कुणाकरवी भडंगाची पिशवी पाठवलीत, वर चिठ्ठी नाही, काही नाही. मी ते खाल्लं आणि भांडण मिटलं असं समजून चालले. माफी मागायची राहिली. ती आपल्या घरात अशीच राहते. कुणीतरी खायला पाठवतं, कुणीतरी खातं, आणि तो शब्द आतच राहतो.

आज तुम्हाला सांगते, मी तेव्हा मागितलेलं मला मिळालं आहे. टाकीवर कुणी चढत नाही. पावडर पडत नाही. वास गेला आहे.

गेल्या महिन्यात तुमचा फोन आला होता.

“कृपे, एक कागद लिवून दे. शिडीची तिसरी पायरी हालती. ग्रामपंचायतीला अर्ज द्याचा हाय.”

“लिहिते की.”

“साधा लिव्ह. उद्गारचिन्ह नगं.”

“आणि वचन?”

“आजिबात नगं!”

आपण दोघं केवढे हसलो. आठ दिवसांनी तुम्ही पुन्हा आठवण केलीत. मी म्हणाले, “रविवारी नक्की.” त्या रविवारी मी दुसऱ्याच कुणावर तरी झालेल्या अन्यायावर दोन पानं लिहिली. चांगली झाली होती. लोकांनी कौतुक केलं. जन्मभरात तुम्ही माझ्याकडे एकच कागद मागितलात, चार ओळींचा, आणि तेवढाच मी लिहिला नाही.

त्या पहाटे, व्हॉल्व्ह सोडायच्या आधी, काकू चहा घेऊन टाकीकडे गेली. तुम्ही खांबाला पाठ टेकून बसला होतात. शेजारी बादली रिकामी होती, दोर नीट गुंडाळून ठेवलेला होता. म्हणजे काम करून, उतरून, दोर गुंडाळून मग बसलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला ते खरं वाटतं. पण तुमच्या उजव्या कोपराला खरचटलं होतं, आणि मी नंतर जाऊन पाहिलं तेव्हा शिडीची तिसरी पायरी एका बाजूनं निखळून लोंबत होती. ती कधी निखळली, कोण सांगणार? मी काकूला विचारलं, तर तिनं माझा हात दाबला. “इचारू नगंस. काम करून बसलाय त्यो.”

तुम्हाला उचलून घरी नेलं, आणि नेहमीच्या वेळेला ग्रामपंचायतीच्या शिपायानं व्हॉल्व्ह सोडला. त्या दिवशी सगळं गाव तुमच्या हातचं पाणी प्यालं. शेवटच्या घरी ते पिवळं झालं का, हे बघायला कुणी गेलं नाही.

किल्ली काकूनं तुमच्या फोटोसमोर ठेवली आहे. व्हॉल्व्ह खाली आहे, तो कुणीही सोडतं. पावडर मात्र कुलपात आहे. अकरा दिवसांत ती किल्ली मागायला आपल्या दारात कुणी आलेलं नाही.

चौथ्या दिवशी मी सरपंचांकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. “तुझा काका म्हंजे देवमाणूस,” ते म्हणाले. मी पावडरीचं विचारलं.

“नवा माणूस पुढच्या सभंत ठरवू. घाई काय? लोकं खूश हायत पोरी. वासाची एक तक्रार न्हाई.”

टेबलावर पाणी शुद्धीकरणाची वही होती. मी उघडली. तुम्ही गेल्यानंतरच्या प्रत्येक पाण्यापुढे ‘टाकली’ असं लिहून शिपायानं सही केली होती. ग्रामपंचायतीतल्यांनी तुम्हाला मागे कितीदा सांगितलं होतं, ‘टाकू नगा, निसती सही करा,’ आणि तुम्ही म्हणायचात, “सही हाताची असती, आन हाताला म्हाईत असतंय.”

“ही कुठली टाकली?” मी म्हणाले. “किल्ली तर आमच्या घरात आहे.”

सरपंचांनी वही मिटली. आवाज अजून मऊच होता. “हे बघ बाळ. तुला चढायचं आसंल तर मी न्हाई म्हणणार न्हाई. पर उद्या तू चढलीस आन परवा कुणी आजारी पडलं, तर लोकं काय म्हणतील? तुझ्या काकाला तीस वर्षं बघितलं हुतं लोकांनी. तुला त्या कागदापास्नं वळखत्यात.”

मी चहा पिऊन घरी आले. नाना, मी घाबरले. तुम्हाला ज्या तोंडानं भित्रे म्हटलं होतं, ते तोंड मिटून आठवडाभर घरात बसले. पहाटे शिपाई व्हॉल्व्ह सोडायचा, बायका म्हणायच्या पाणी ग्वाड लागतंय, आणि मी माजघरात बसून ऐकायचे. या एका आठवड्यात मला कळलं की त्या शिडीवर दर पाण्याला काय वजन चढत होतं. बादलीचं वजन त्यात सगळ्यात कमी होतं.

आज सकाळी पाणी आलं. मी तुमची काचेची नळी घेतली आणि सायकलवरून शेवटच्या घरी गेले.

दिलीपची बायको उंबऱ्यात बसून सहाणेवर बाळगुटी उगाळत होती. त्यांना तीन महिन्यांची मुलगी आहे. तुम्ही तिला पाहिलं असणार.

“या ताई. नाना गेलं आन लय सुनं वाटतंय. येऊन हितंच बसायचं, पायरीवर.” मग तिनं सहाणेवर बोटानं पाणी सोडलं आणि म्हणाली, “पर एक हाय. पाणी आता ग्वाड आलंय, असं समदीच म्हणत्यात. आधी मी गुटीला उकळून घ्यायची. आता तसंच घेती.”

मी विचारलं, “बाळ बरं आहे ना?”

“कालपास्नं जरा पातळ शी हुतीया. दात यायचं आसंल.”

तीन महिन्यांच्या बाळाला!

मी त्यांच्या नळाखाली नळी धरली. थेंब टाकले. तुम्ही हलवायचात तशी हलवली. पाणी पांढरं राहिलं. मी पुन्हा भरली, पुन्हा थेंब टाकले. काचेतून पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती.

दिलीप मागे येऊन उभा राहिला होता. “पांढरं म्हंजे काय?”

“म्हणजे पाण्यात औषध नाही. आणि गटारापाशी पाइप अजून तसाच आहे.”

तो नळीकडे वाकला. “नाना दर पाण्याला हितं येऊन बसायचा. मला वाटायचं, माझ्यावर पाळत ठेवतोय. व्हिडिओमुळं.”

“तुमच्या पाण्याला वास कधी यायचा?”

“आमच्या? न्हाई. वरच्या आळीला यायचा. त्यांनी सांगितलं म्हणून मी...” पुढचे शब्द मी त्याला दिले नाहीत. माझ्याकडे त्या क्षणी खूप शब्द होते, सगळे पत्रकातले, सगळे उद्गारचिन्हांचे. तुमचा टॉवेल माझ्या खांद्यावर होता. मी त्याचं टोक घट्ट धरून गप्प राहिले.

मी त्यांना गुटी फेकून द्यायला सांगितली, पाणी उकळायला सांगितलं, बाळाला आत्ताच्या आत्ता आरोग्य केंद्रात न्यायला सांगितलं. बायको बाळाला घेऊन मागे बसली. दिलीपनं गाडीला किक मारण्याआधी विचारलं, “किल्ली कुणाकडं हाय?”

“आमच्या घरात.”

“परवा कोण चढणार?”

पुढचं पाणी परवा, आणि पावडर त्याच पहाटे टाकायची असते, हे त्याला आठवत होतं. आठ वेळा शिडी धरल्याचं एवढं तरी त्याच्यात उरलं होतं.

“मी,” मी म्हणाले. “शिडी धरायला येशील?”

त्यानं किक मारली. गाडी गेली.

सिस्टरना मी भेटले. त्यांनी पाण्याचा नमुना घेतला, अहवाल यायला वेळ लागेल म्हणाल्या, आणि पावडरीचं माप मला कागदावर लिहून दिलं. घरी आले तर पप्पा पलंगावर उठून बसले होते. तुम्ही गेल्यापासून त्यांचे हात जास्तच कापतात. मी सगळं सांगितलं. त्यांचे डोळे जुन्यासारखे चमकले. “कृपा, पत्रक काढूया. वचन मी शोधतो.”

“पप्पा, आधी शिडी.”

 ते उठले, पेटीतून पक्कड आणि तार काढली आणि माझ्याबरोबर टाकीकडे आले. थरथरत्या हातांनी त्यांनी तिसरी पायरी तारेनं आवळून बांधली. अर्धा तास लागला. पत्रक वाटणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदाच असं मुकाट्यानं काम करताना पाहिलं. बांधून झाल्यावर त्यांनी पायरी हातानं हलवून बघितली आणि हळूच म्हणाले, “दादा, उशीर झाला रं.” ते मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

आणि नाना, तो अर्ज मी आज लिहिला. चार ओळी. शिडी बदला, गटाराजवळचा पाइप बदला. वचन नाही, उद्गारचिन्ह नाही. ग्रामपंचायतीनं आवक शिक्का मारून दिला आहे. तुमच्या हयातीनंतर पोचलेला तुमचा कागद.

आता दुपार कलली आहे. दिलीपची गाडी अजून परत आलेली नाही. केंद्रातून त्यांना मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, एवढंच कळलं. नळावर दोघी बोलत होत्या, त्या मला बघून गप्प झाल्या. सकाळी मी त्या घरी गेले होते हे गावाला कळलं आहे. मी गेले आणि बाळ आजारी पडलं. पुन्हा दोन खऱ्या गोष्टी, शेजारी शेजारी.

मला माफ करा, नाना. भित्रे म्हटल्याबद्दल, गुलाबी कागदाबद्दल, तीन आठवडे न लिहिलेल्या चार ओळींबद्दल. तुमचे आभारही मानायचे आहेत. देवाची आज्ञा पाळणं म्हणजे काय, हे मला व्यासपीठावरून अनेकांनी समजावलं. ते मला पटलं तुमच्या टाचांवरच्या चुन्यामुळे. ज्यानं तुमचा व्हिडिओ काढला, त्याच्याच घरासाठी तुम्ही माप वाढवत होतात, आणि हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, त्यालाही नाही. हुकूम भरायचा होता. काठ तुमचा.

परवा पहाटे मी किल्ली घेऊन जाणार आहे. मोबाईल रोखून कुणी उभं असेल, की शिडी धरायला कुणी असेल, की कुणीच नसेल, मला माहीत नाही. तरी तोंडाला टॉवेल बांधीन, अर्धा तास थांबेन, आणि शेवटच्या घरापर्यंत जाईन, ते घर तेव्हा उघडं असो वा नसो.

आता तुम्ही, वाचणारे. सुरुवातीला मी विचारलेल्या प्रश्नाचं तुमचं उत्तर आठवा. तुमच्याही गावात, तुमच्याही वॉर्डात एक टाकी आहे. तिच्यावर कोण चढतं, त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल, तर उद्या सकाळी जा आणि विचारा. त्याची जात विचारू नका, तो कुठे प्रार्थना करतो ते विचारू नका, त्याच्यासाठी पत्रक काढू नका, त्याचा व्हिडिओ काढू नका. खालच्या पायऱ्या हातानं हलवून बघा, आणि तो उतरून येईपर्यंत त्याची शिडी धरून उभे राहा.